सासूबाई विरुद्ध चिंबोरी

चिंबोरीसमोर लोकांनी आधी सपाटून हरावं, मग परत येऊन थोडक्यात हरावं, आणि शेवटी तळहाताला घाम सुटलेला असताना कसंबसं जिंकावं, एवढं जमवण्यासाठी मला पगार मिळायचा. अजूनही मिळतो. फक्त चिंबोरी बदलली.

ठाण्यात, कोपरीत एका दवाखान्याच्या वर आमचं ऑफिस आहे. मोजकी माणसं आणि एक फ्रीज, ज्यात कोणाचा ना कोणाचा तरी डबा कायम विसरलेला असतो. आम्ही कॉम्प्युटर गेम बनवतो. तेव्हा जो गेम चालू होता त्यात खाडीकाठच्या एका गावातून तिघं जण होडीने निघतात: ढाल-पट्टा चालवणारा एक सरदार, एक वैदीण आणि जाळं फेकणारी एक नावाडीण. खाडीतून वर वर जाताना ते गावोगावच्या लोकांशी बोलतात, प्राण्यांशी आणि भुतांशी लढतात, शिकतात, तगडे होतात. लढाया बुद्धिबळासारख्या, आधी आपल्या तिघांची खेळी, मग समोरच्याची. घाई नाही, बोटं आपटायची नाहीत. विचार करायचा आणि मारायचं.

या लढाया माझ्याकडे होत्या. कोणाच्या अंगात किती जीव, कोणाचा वार किती जोराचा, कोण कशाने दमतो, कोण कशाने बरा होतो, हे सगळं मी ठरवायचे. गेम सोपा झाला की माणूस कंटाळतो, कठीण झाला की चिडून बंद करतो. त्या दोन्हींच्या मधे एक चिंचोळी पट्टी असते, तिच्यावर चालत राहायचं. आमच्या धंद्यात याला बॅलन्स म्हणतात. माझ्या नवऱ्याला लग्नानंतर बराच काळ वाटायचं की मी अकाउंट्स बघते.

पहिल्या भागाच्या शेवटी ती चिंबोरी होती. होडीएवढी खेकडी, चिखलातून वर येणारी. आमच्या ऑफिसात चित्रं काढणारी मुलगी चेंदणी कोळीवाड्यातली, तिने ती अशी काही काढलेली की पहिल्यांदा बघितल्यावर मी खुर्ची मागे सरकवली. त्या चिंबोरीवर मी पावसाळाभर काम करत होते.

आणि त्याच पावसाळ्यात सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

आम्ही डोंबिवली वेस्टला राहतो, कोपर स्टेशनच्या बाजूला. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली. सासूबाई टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या, ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या शेवटच्या पिढीतल्या. बोलणं स्वच्छ, शब्द मोजके, आवाज असा की पलीकडचा माणूस आपोआप सरळ बसतो. आमचं दोघींचं वाईट नव्हतं. पण बोलणं सगळं भाजी, औषधं, पाणी आलं का, एवढ्यापुरतं. भांडण होईल इतकी जवळीकच नव्हती.

ऑपरेशननंतर नवरा बँकेत जायचा आणि मी बहुतेक दिवस घरून काम करायचे. डायनिंग टेबलावर माझा लॅपटॉप, समोर सोफ्यावर सासूबाई, पाय स्टुलावर, गुडघ्यावर बर्फाची पिशवी. टीव्हीवरच्या मालिकांना त्या आठवड्याभरात कंटाळल्या. पेपर सकाळीच संपायचा. मग त्या माझ्याकडे बघत बसायला लागल्या.

एका दुपारी म्हणाल्या, "अगं, ही खेकडी मरत का नाही?"

"मरते की, आई."

"मघापासून बघतेय. मारतेस, हरतेस, परत सुरू करतेस. मारता येत नाही का तुला?"

"येतं ना. पण किती त्रासाने मरते ते बघायचंय. लवकर मेली तर मजा नाही, आणि मेलीच नाही तर लोक शिव्या घालतील."

मग बर्फाची पिशवी बाजूला ठेवून म्हणाल्या, "मला जमेल?"

मला वाटलं, चला, अर्धा तास तरी वेळ जाईल त्यांचा. नवऱ्याचा जुना लॅपटॉप काढला, त्यावर आमचा अर्धवट गेम टाकला आणि त्यांच्या मांडीवर उशी ठेवून वर ठेवला. माऊसशी त्यांचं पहिल्या दिवशी जमेना. बाण एकीकडे, हात दुसरीकडे. पण हेडफोन लावल्यावर त्या एकदम सराईत दिसायला लागल्या. ताठ बसल्या, मान किंचित तिरकी. ऑफिसातल्या खुर्चीत त्या कशा बसत असतील ते मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

त्यांची खेळायची रीत मी कुठेच पाहिली नव्हती. आमच्याकडे टेस्टिंगला यायची ती सगळी कॉलेजची पोरं. ती गावात शिरायची, तलवार उचलायची आणि निघायची. सासूबाई प्रत्येक घरात जायच्या. प्रत्येकाशी बोलायच्या. एका म्हातारीने गेममध्ये एकदा "माझी बकरी हरवली" असं म्हटलं होतं. ते वाक्य गावात जरा जाग वाटावी म्हणून टाकलेलं, बकरी आम्ही बनवलीच नव्हती. सासूबाई दोन दुपारी ती शोधत होत्या. शेवटी मी सांगितलं की बकरी नाहीये.

"मग ती बाई खोटं का बोलते?" त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य काढून टाकलं.

होता होता त्या चिंबोरीपाशी पोचल्या. मी तेव्हा आतल्या खोलीत ऑफिसच्या कॉलवर होते. बाहेरून आवाज आला, "मेली गं!"

"कोण?" मी घाबरून कॉल सोडून बाहेर.

"तुझी खेकडी."

मी स्क्रीन बघितला. चिंबोरी उताणी पडलेली. आणि आपले तिघंही ठणठणीत. कोणाला ओरखडा नाही. हे शक्यच नव्हतं. त्या चिंबोरीचे सगळेच्या सगळे फटके चुकवायची सोयच मी ठेवली नव्हती.

"आई, परत खेळून दाखवता?"

त्यांनी दाखवलं. शांतपणे, एकेक खेळी, मी त्यांच्या सोफ्यामागे उभी.

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं. नावाडिणीने जाळं फेकलं की शत्रू अडकतो आणि त्याची एक खेळी बुडते. हे फारच भारी हत्यार, म्हणून मी त्याला किंमत लावलेली: जाळं फेकलं की ती दमते आणि पुढच्या फेरीत तिला काहीच करता येत नाही. वैदिणीकडे एक काढा होता, तो दिला की दमलेल्याचा थकवा जातो. काढा मी ठेवलेला सरदारासाठी. त्याचा एक मोठा वार होता, त्यानंतर तोही दमायचा. काढा पाजा, परत मोठा वार करा, असा माझा हिशोब. सगळी पोरं तसंच खेळत होती.

सासूबाईंनी काढा नावाडिणीला पाजला. ती जाळं फेकायची, चिंबोरी अडकायची. वैदीण लगेच काढा द्यायची, नावाडीण ताजीतवानी. परत जाळं. परत काढा. चिंबोरीची खेळी येतच नव्हती. आणि सरदार बाजूला उभा राहून आपला पट्ट्याने टुकटुक मारतोय. लढाई लांबली खूप, पण चिंबोरीने नांगी उचलली नाही.

"काढा तिला द्यायचं कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचायचं काय त्यात? दमली होती बिचारी. बघ की, कशी वाकून उभी आहे."

मी बघितलं. खरंच, आमच्या चित्रवालीने जाळं फेकून झाल्यावरची नावाडीण काढली होती ती गुडघ्यांवर हात टेकलेली, धापा टाकणारी. सरदार दमला तरी छाती काढून उभा. सासूबाई आकडे बघतच नव्हत्या. त्या माणसं बघून खेळत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात सांगितलं. आमचा मालक (मालक म्हणजे कॉलेजात माझ्या एक वर्ष पुढे होता, पैसे त्याने उभे केले म्हणून मालक) आधी इतका हसला की चहा सांडला. मग हसणं थांबलं.

"बंद कर ते," तो म्हणाला.

"का? भारी आहे ना."

"एकाला कळलं की इंटरनेटवर टाकणार. मग सगळे तेच करणार. पूर्ण गेम जाळं, काढा, जाळं, काढा. झोप येईल लोकांना. तुझ्या बाकीच्या लढायांचा काय उपयोग मग?"

त्याचं बरोबर होतं. एकच चाल सगळ्यांवर चालत असेल तर बाकीचा गेम असून नसल्यासारखा. मी सोपा उपाय केला: काढा एका लढाईत एकदाच. एक आकडा बदलायचा होता, चहा गार व्हायच्या आत झालं. नवीन आवृत्ती सगळ्या टेस्टिंगच्या मशीनवर आपोआप जायची, घरच्या लॅपटॉपवरसुद्धा. सासूबाईंना सांगायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आकडे तर मी रोजच बदलत होते.

त्यानंतरचे काही दिवस त्या जरा गप्प होत्या. दुपारी लॅपटॉप घ्यायच्या, थोड्या वेळाने मिटून ठेवायच्या. जेवताना नवऱ्याने विचारलं, "काय आई, आज खेळली नाहीस?"

"नको रे. डोळे दुखतात."

मला वाटलं कंटाळल्या असतील. मग एकदा संध्याकाळी मी त्यांच्या पायाला मलम लावत होते, तेव्हा त्या एकदम म्हणाल्या, "भूल दिल्यामुळे डोक्यावर परिणाम होतो का गं?"

"म्हणजे?"

"आमच्या शेजारच्या काकूंचं तसंच झालं होतं. ऑपरेशननंतर विसरायला लागल्या. मला त्या खेकडीला मारायचं कसं ते आठवत नाहीये. मी तेच करतेय असं मला वाटतं. पण तसं होत नाही. काहीतरी चुकतंय, आणि काय चुकतंय तेही कळत नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "त्याला सांगू नकोस इतक्यात."

एवढे दिवस त्या एकट्या बसून हे सोसत होत्या, आणि कारण होतं मी बदललेला एक आकडा.

"आई, तुमचं काही चुकत नाहीये. मी बदललंय ते. काढा आता एकदाच चालतो."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?"

"अहो, एकदम ठीक."

"देवा," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले, आणि मलाच रडू यायला लागलं. पण ते काही क्षणच. डोळे उघडले तेव्हा चेहरा वेगळा होता.

"तू नियम बदललास."

"हो."

"मी जिंकत होते म्हणून."

"तसं नाही आई, बाकीच्या लोकांसाठी..."

"आणि मला सांगितलं नाहीस."

मी सॉरी म्हटलं. त्यांनी मलमाची ट्यूब माझ्या हातातून घेतली आणि म्हणाल्या, "राहू दे, मी लावते."

नवरा घरी आला तेव्हा त्याला दारातच ऐकायला मिळालं, "तुझ्या बायकोने माझ्या नावाडिणीचा काढा तोडला." त्याने बूट काढता काढता आधी आईकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि "मी यात नाही" म्हणून सरळ आंघोळीला गेला.

लग्नानंतरचं आमचं दोघींचं पहिलं खरंखुरं भांडण ते. आणि मोठ्याने झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे करताना त्यांनी परत काढलंच.

"हरायला माझी ना नाही. मी आयुष्यात काही कमी वेळा हरलेली नाही. पण का हरले ते मला दिसलं पाहिजे. तुझा काढा संपला, तो का संपला? वैदिणीच्या पिशवीत तर पाला भरलेला दिसतोय!"

"अहो आई, तो नियम आहे."

"कसला नियम? वैदीण काय म्हणेल, एका दिवसात दोनदा काढा देत नाही? मग सरळ म्हण तसं."

"मग काय करू? तुमची चाल ठेवली तर कोणी दुसरं काही खेळणारच नाही."

"ते तू बघ. तुला पगार कशाचा मिळतो?"

मी गॅस जरा जोरात बंद केला. त्यांनी कोथिंबीर जरा जोरात चिरली. पोह्यांत मीठ दोघींनीही घातलं, ते खाताना कळलं. नवऱ्याने निमूट दही घेतलं.

शेवटी त्याच म्हणाल्या, "मला तुमच्या त्या मालकाशी बोलायचंय."

मला वाटलं रागात म्हणताहेत. पण पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी बाहेर पडायला परवानगी दिली आणि पहिली जागा त्यांनी सांगितली ती कोपरी. आम्ही टॅक्सी केली. दवाखान्याच्या बाजूचा जिना त्या एका हातात काठी आणि एका हातात कठडा धरून चढल्या, मधे थांबून, मला हात लावू न देता.

ऑफिसात सगळे उभे राहिले. मालकाने स्वतःची खुर्ची दिली. तो चांगला मुलगा आहे, पण त्या दिवशी त्याने सुरुवातच चुकीची केली. "काकू, तुम्ही खेळता हे ऐकून इतकं बरं वाटलं. या वयात..."

"या वयाचं राहू द्या," सासूबाई म्हणाल्या. "मी खेकडीबद्दल आले आहे."

पुढचा बराच वेळ मी दोघांच्या मधे बसून होते. मालक म्हणत होता, एकच चाल सगळीकडे चालता कामा नये. सासूबाई म्हणत होत्या, मान्य, पण सापडलेली चाल कोणी अशी हातातून काढून घेऊ नये. त्यांच्या सगळ्याच मागण्या काही शहाणपणाच्या नव्हत्या. सरदाराला कमी खायला द्या, तो नुसता मिरवतो, असंही म्हणाल्या. चिंबोरीचा जीव निम्मा करा म्हणाल्या. वैदिणीला लढाईत बसायला पाट का नाही, हेही विचारलं. मालक मान डोलवत होता, आणि मला हसू आवरत नव्हतं.

चित्रवाली इतका वेळ कोपऱ्यात बसून ऐकत होती. उत्साहात आली की ती घरच्या बोलीत घसरते. ती एकदम म्हणाली, "पण काकू, चिंबोरी जाल्यान गावली ना, का जालाच फारते!"

"काय करते?" सासूबाईंनी विचारलं.

"जाळं फाडते हो. नांग्यांनी. मग बसा शिवत."

मग मी आणि मालक एकदमच बोलायला लागलो. काढा कशाला अडवायचा? काढा राहू दे, हवा तितका राहू दे. जाळं फाटू दे. प्रत्येक फेकीला थोडं फाटेल, आणि ते चित्रात दिसेल. आधी एक भोक, मग मोठं भगदाड. फारच फाटलं की चिंबोरी निसटणार. ते शिवायचं असेल तर नावाडिणीने एक खेळी बसून शिवायचं, आणि तेवढ्यात चिंबोरीला तिची खेळी मिळणार. म्हणजे चाल मोडायची नाही. फक्त कधी वापरायची आणि कधी थांबायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं.

"आणि शिवताना ती दिसेल ना?" सासूबाईंनी विचारलं. "सुई-दोरा घेऊन?"

"दिसेल," चित्रवाली म्हणाली. तिने कागद ओढलाच होता.

ते सगळं करायला आठवडे गेले. जाळं किती फेकींनंतर फाटावं यावर माझं आणि सासूबाईंचं घरी रोज काहीतरी व्हायचंच. पण आता वादाला सुरुवात झाली की त्या पाय स्टुलावरून खाली घ्यायच्या, पुढे सरकायच्या, आणि आमचा चहा दोनदा व्हायचा. एकदा त्या हरल्या आणि मी धास्तावून बघितलं, तर म्हणाल्या, "माझंच चुकलं. जाळं फाटलेलं दिसत होतं, तरी हाव केली." आणि लगेच परत सुरू.

नवरात्रात ठाण्यातल्या एका कॉलेजने त्यांच्या हॉलमध्ये असे छोटे गेम बनवणाऱ्यांना टेबलं दिली होती. लोकांनी यावं, खेळून बघावं. सासूबाई म्हणाल्या, मी येणार. टेंभी नाक्याकडचे रस्ते देवीमुळे बंद, रिक्षावाला आम्हाला कुठून कुठून फिरवून घेऊन गेला, आणि वाटेत त्यांनी लांबूनच हात जोडून घेतले.

हॉलमध्ये आमच्या टेबलापाशी मी त्यांना खुर्ची दिली आणि बजावलं, "आई, कोणाला काही सांगायचं नाही हं. आपण फक्त बघायचं."

"मला कळतं."

पहिला मुलगा हरला. त्या गप्प. दुसरा हरला. त्यांची काठी जमिनीवर टकटक करायला लागली. तिसऱ्याच्या वेळी नावाडीण धापा टाकत उभी आणि तो काढा सरदाराला देतोय म्हटल्यावर त्यांना राहवेना. "अरे, तिला दे ना! दिसत नाही का तुला?" त्या मुलाने दचकून हेडफोन काढला. मी त्यांना चहा आणायच्या निमित्ताने तिथून उठवलं.

परत आलो तेव्हा खुर्चीत एक मुलगी होती, कॉलेजचीच, केस डोक्यावर पेन्सिल खोचून बांधलेले. तिने आधी एकदा हरून घेतलं, काहीही न करता. नुसती ढाल पुढे धरून बघत राहिली. मग परत सुरू केलं. चिंबोरीने मोठी नांगी उगारली, सरदाराने ढालीवर झेलली, आणि नांगी चिखलात रुतली. ती ओढून काढायला चिंबोरी धडपडत होती तेवढ्यात या मुलीने तिघांनाही तुटून पडायला लावलं. परत नांगी, परत ढाल, परत चिखल. वैदिणीने सरदाराला तगवलं. जाळं तिने एकदाही काढलं नाही. जिंकली तेव्हा सरदार अगदी मरायला टेकलेला, आणि मागे जमलेल्या चार-पाच जणांनी टाळ्या वाजवल्या.

सासूबाई तिच्याजवळ गेल्या. "जाळं वापरलंच नाहीस गं?"

"नाही आजी. ती मोठा वार केल्यावर अडकते ना चिखलात. तेव्हा मारायचं."

"तुला कसं कळलं?"

"बघत बसले तर दिसलं."

सासूबाई वळल्या आणि माझ्याकडे बघत राहिल्या. "हे तुला माहीत होतं?"

"मीच ठेवलंय ते," मी म्हटलं. "अगदी सुरुवातीपासून. कोणाच्या लक्षातच येत नव्हतं."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस? माझ्याशी एवढं भांडलीस, तेव्हा तरी सांगायचंस."

"सांगायचं नसतं ना आई. सापडायला हवं."

परतीच्या रिक्षात बसल्यावर मीनाताई चौकाच्या आसपास कुठेतरी ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना म्हणाल्या, "पावसाळाभर तू ते मनात ठेवून होतीस." माझ्या मनगटावर हात ठेवला त्यांनी आणि डोंबिवली येईपर्यंत काढला नाही. मला खूप बरं वाटत होतं आणि हाताला मुंग्याही येत होत्या, पण मी हलले नाही.

घरी गेल्यावर पाय धुवून त्यांनी आधी लॅपटॉप उघडला. ढालीने चिंबोरी मारायला त्यांना खूप दिवस लागले. ती पद्धत त्यांना आवडत नाही. सरदाराला फार लागतं त्यात, म्हणतात. पण जमवलं.

गेम हिवाळ्यात बाहेर आला. फार चालला नाही, अगदीच पडलाही नाही. आमचे पगार सुटले आणि पुढचं काम मिळालं. लोकांनी लिहिलेले अभिप्राय मी सुरुवातीला रोज वाचायचे. एकाने लिहिलं चिंबोरी अशक्य आहे, बनवणाऱ्याला खेळायला लावा. त्याच्याच खाली दुसऱ्याने लिहिलं चिंबोरी फारच सोपी. मी ते दोन्ही सासूबाईंना वाचून दाखवले. त्या म्हणाल्या, "दोघांनाही एकदा घरी बोलाव." एका बाईंनी लिहिलं होतं की जाळं शिवत बसलेली नावाडीण बघून त्यांना लढाईच्या मधे एकदम शांत वाटलं. तो अभिप्राय चित्रवालीने छापून फ्रीजवर लावला.

अलीकडेच कल्याणला नात्यात एक साखरपुडा होता. जेवणाच्या रांगेत सासूबाईंच्या एका चुलत जावेने त्यांना विचारलं, "सून नेमकं काय करते गं तुझी? कॉम्प्युटरमध्येच ना?"

मी मागेच उभी होते, हातात ताट. मला वाटलं "हो" म्हणून पुढे सरकतील. त्यांनी ताट टेबलावर ठेवलं.

"ती लढाया बसवते," त्या म्हणाल्या. "म्हणजे असं बघ. तू आहेस. तुझ्यासमोर एक जबरदस्त मोठा प्राणी आहे. तो तुला लगेच खाऊन टाकेल, तर त्यात काय राम? आणि तू त्याला लगेच मारलंस, तरी काय राम? बरोबर?"

"बरोबर," चुलत सासूबाई म्हणाल्या, आणि जरा मागे सरकल्या.

"मग आता तुझ्यासोबत एक वैदीण आहे असं समज..."

मागची रांग थांबली. वाढणारा मुलगा मसालेभाताचा डाव हातात धरून उभा राहिला. कोणीतरी म्हणालं, पुढे व्हा हो. सासूबाई मसालेभाताच्या भांड्याला चिंबोरी करून समजावत होत्या, पापडांच्या टोपलीला जाळं. चुलत सासूबाईंना काही कळलं असेल असं वाटत नाही, पण त्यांच्या बाजूला उभ्या असलेल्या एका आजोबांनी मधेच विचारलं, "पण मग ढाल कोणाकडे?"

"आता कसं बोललात," सासूबाई म्हणाल्या, आणि ताटातली वाटी उचलून ढालीसारखी त्यांच्यापुढे ठेवली.

मी माझं ताट घेऊन बाजूने निघाले, दोघांसाठी अळूवड्या वाढून घेतल्या आणि खिडकीजवळच्या टेबलावर नवऱ्याशेजारी जाऊन बसले.

"आई कुठेय?" त्याने विचारलं.

"काम करताहेत," मी म्हटलं. "सुरू कर तू."